एका कपाटाची विज्ञानकथा

आमच्या पेठेतल्या वाचनालयाला एका निवृत्त इंजिनियर काकांनी पोलादी कपाट देणगी दिलं. देणगीदार म्हटला की अट आलीच. कपाटावर वडिलांच्या नावाची पितळी पट्टी लावायची ही पहिली अट, आणि ती कार्यकारिणीने दोन मिनिटांत मान्य केली. दुसरी अट अशी, की या कपाटात फक्त विज्ञानकथा ठेवायच्या, आणि त्याही अभिजात. हीसुद्धा दोन मिनिटांतच मान्य झाली, कारण तिचा अर्थ कुणालाच कळला नव्हता.

"विज्ञानकथेतलं कुणाला कळतं इथे?" कार्यवाहांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मागे एकदा कोजागरीच्या कार्यक्रमात, मसाला दुधाचा दुसरा पेला पोटात गेल्यावर, मी ‘ड्यून’ वाचल्याचं जाहीर केलं होतं. ते काही अगदीच खोटं नव्हतं. त्या कादंबरीच्या शेवटी शब्दार्थांची एक लांबलचक यादी आहे, ती मी संपूर्ण वाचली होती. मुख्य मजकुराला हात घालायचा राहिला होता इतकंच. आपल्याकडे एवढ्या भांडवलावर लोक परिसंवादाचं अध्यक्षपद भूषवतात.

तर माझी एकसदस्य निवड समिती झाली. पण ‘विज्ञान’ आहे तर विज्ञानाचा माणूस हवा, म्हणून भौतिकशास्त्राचे एक निवृत्त सर समितीवर आले. मग ‘कथा’ आहे तर कथेचा माणूस नको का, म्हणून काकू आल्या. या काकूंनी वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक वाचलेलं आहे आणि निम्म्या लेखकांबद्दल त्यांचं मत वाईट आहे. अध्यक्ष पदसिद्ध होतेच. सभा म्हटली की त्यांना रोखण्याची सोय आमच्या घटनेत नाही.

पहिलं काम म्हणजे विज्ञानकथा वाचनालयात आहेत कुठे, ते शोधणं. आधीच्या कुणा ग्रंथपालांनी नावावरून पुस्तकं लावली होती. आसिमॉव्हचं ‘आय, रोबॉट’ आत्मचरित्रांच्या फळीवर दोन समाजसुधारकांच्या मध्ये उभं होतं. ‘फाउंडेशन’ बांधकाम विभागात. फ्रेड हॉईलचं ‘द ब्लॅक क्लाउड’ शेती आणि पर्जन्यमानात. रे ब्रॅडबरीचं ‘फॅरेनहाइट ४५१’ बालकांच्या आजारांच्या शेजारी होतं आणि कुणीतरी ते खरोखरच ताप उतरेल या आशेने नेलं असावं, कारण त्यात जुनं प्रिस्क्रिप्शन सापडलं. ‘१९८४’ इतिहासात होतं आणि त्यावर शेरा होता : ‘फार जुनं. नवीन आवृत्ती मागवावी.’

"बाई, हे आत्मचरित्र कसं?" मी ग्रंथपालबाईंना विचारलं.

"‘आय’ने सुरू होतंय ना?" बाई शांतपणे म्हणाल्या. "नियम बरोबर आहे. पुस्तकच चुकीचं वागतंय."

मग समितीची पहिली बैठक झाली. सरांनी आल्या आल्या व्याख्या टेबलावर ठेवली. विज्ञानकथेतलं विज्ञान शक्य कोटीतलं असलं पाहिजे. जे शक्य नाही ते परीकथेच्या कपाटात. सोपं, सुटसुटीत. मी तर लगेच अनुमोदन दिलं. साडेसहाला घरी पोचता येईल असा माझा अंदाज होता.

सुरुवात ज्यूल व्हर्नपासून झाली. व्हर्न म्हणजे या घराण्याचा मूळपुरुष, त्याच्यावर कोण आक्षेप घेणार? १८६५ साली त्याने माणसं चंद्रावर धाडली, तीही फ्लोरिडातून. पण धाडली तोफेत घालून. नऊशे फूट लांबीची तोफ, तिच्यात पोकळ गोळा, गोळ्यात तीन माणसं. सरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि वर्गणीच्या पावतीमागे गणित मांडलं. पृथ्वीचा पाश तोडायचा तर सेकंदाला साधारण अकरा किलोमीटर वेग हवा. तो नऊशे फुटांच्या आत गाठायचा म्हणजे त्वरण गुरुत्वाच्या वीस हजार पटींहून अधिक. "म्हणजे सत्तर किलोचा माणूस त्या क्षणी चौदाशे टनांचा," सर म्हणाले. "धक्का बसू नये म्हणून व्हर्नने खाली तीन फूट पाणी भरलंय. तीन फूट! माणसाचा पापड होईल, पापड."

"मग व्हर्न बाद?" अध्यक्षांनी दबक्या आवाजात विचारलं.

"विज्ञान म्हणजे विज्ञान."

"पुढच्या भागात त्यांचा कुत्रा मरतो," काकू म्हणाल्या. "मग ते खिडकी पटकन उघडून त्याला बाहेर टाकतात आणि पटकन लावून घेतात. चंद्राच्या वाटेवर. हवा बाहेर जाऊ नये म्हणून पटकन."

सरांनी डोळे मिटून घेतले.

काकूंनी मात्र पुढची ओळ सोडली नाही. तो टाकलेला कुत्रा यानाच्या बरोबरीनेच तरंगत राहतो, खिडकीतून दिसत राहतो, कारण त्याला मागे ओढणारं तिथे काहीच नाही. "हे बरोबर आहे की नाही?" काकूंनी विचारलं. बरोबर होतं. सरांनी व्हर्नला अर्धा गुण दिला आणि आपण वेल्सकडे वळू म्हणाले.

वेल्सने १९०१ साली आपले लोक चंद्रावर पाठवले ते गुरुत्वाकर्षण अडवणाऱ्या एका काल्पनिक पदार्थाच्या जोरावर. तेव्हा म्हातारा झालेला व्हर्न भयंकर चिडला होता. मी तोफ वापरतो, हा असली काही वस्तू शोधून काढतो, कुठे आहे ती, आणून दाखवा मला, अशा अर्थाचं तो मुलाखतीत बोलला. हे ऐकून सर खूश झाले. काकू म्हणाल्या, "हे म्हणणारा कोण? ज्याच्या तोफेत माणूस चौदाशे टनांचा होतो, तो!" थोडक्यात, दोन्ही मूळपुरुष एकमेकांना घराण्यातून बाहेर काढायला निघाले होते. मराठी साहित्य संमेलनाचा अनुभव असलेल्या आमच्या अध्यक्षांना यात नवीन काहीच वाटलं नाही.

वेल्सच्या ‘टाइम मशीन’वर सरांनी फार बारकाईने निकाल दिला. नायक इसवी सन ८०२७०१ मध्ये जातो, याला त्यांची हरकत नव्हती. पुरेसा वेग असेल तर भविष्यात जायला सापेक्षतावाद आडकाठी करत नाही. हरकत परत येण्याला होती. "गेला तर विज्ञान, परतला तर भाकडकथा," सर म्हणाले. मग अर्धं पुस्तक कपाटात ठेवून अर्धं बाहेर ठेवता येईल का, असं अध्यक्षांनी गंभीरपणे बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, दाखलनोंद क्रमांक एकच आहे.

मेरी शेलीचं ‘फ्रँकेन्स्टाइन’ आलं, तेव्हा सर म्हणाले की यात प्रयोगाची कृतीच दिलेली नाही. ते खरंच आहे. तो प्राणी जिवंत नेमका कसा झाला, हे शेलीबाईंनी मोठ्या शिताफीने सांगायचं टाळलंय. पण काकू खवळल्या. "१८१६ चा उन्हाळा. इंडोनेशियात आदल्या वर्षी तंबोरा ज्वालामुखी फुटलेला, त्यामुळे युरोपात ऊनच पडेना. जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसात मंडळी कोंडून पडलेली. बायरन म्हणाला, प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहा. तो स्वतः नामांकित कवी, त्याने चार पानं लिहून सोडून दिली. शेलीसाहेबांच्या हातूनही टिकेल असं काही झालं नाही. आणि जेमतेम अठरा वर्षांच्या या पोरीने कादंबरी पुरी करून १८१८ ला छापून आणली. तीही निनावी. आणि तुम्ही तिच्याकडे कृती मागताय!"

सर म्हणाले, लेखिकेबद्दल आदर आहे, पण कपाट कपाट आहे.

रात्री साडेनऊला हिशेब केला तेव्हा सरांच्या चाळणीतून उतरलेलं एकही पुस्तक हाती नव्हतं. एका क्षणी सरांनी ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ सुचवलं होतं. पूर्वेच्या दिशेने पृथ्वीप्रदक्षिणा केल्याने फिलिअस फॉगला एक दिवस जास्त मिळतो, हे त्यांच्या मते या सगळ्या ढिगातलं एकमेव निर्दोष विज्ञान. पण त्यात फॉग मुंबईच्या स्टेशनवर जेवायला बसतो आणि ससा म्हणून वाढलेलं मांजर असावं असा संशय घेतो. अध्यक्षांचं बालपण गिरगावात गेलेलं. त्यांनी नकाराधिकार वापरला.

तेवढ्यात देणगीदार काकांचा फोन आला. "भरलं का कपाट? आणि हे बघा, मधल्या फळीवर एक जागा मोकळी ठेवा हं. जाडी साधारण दोन बोटं." मला वाटलं, वडिलांचा फोटो ठेवायचा असेल.

दुसऱ्या बैठकीला अध्यक्ष स्वतःची व्याख्या घेऊन आले. जे पुढे खरं ठरतं ते विज्ञानकथा. हे मत एकट्या अध्यक्षांचं नाही. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक नावाच्या गृहस्थाने १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ हे फक्त अशाच कथांना वाहिलेलं मासिक काढलं, तेव्हा त्याचाही असाच काहीसा विचार होता : थोडी रंजक गोष्ट, तिच्यात शास्त्राची माहिती आणि वर भविष्याची झलक. हा माणूस रेडिओचे सुटे भाग विकायचा. त्याने स्वतः लिहिलेली कादंबरी आजवर मला शेवटपर्यंत झेपलेली नाही. पण १९५३ पासून या क्षेत्रातला मोठा पुरस्कार त्याच्याच नावाने दिला जातो, यावरून वाङ्मयात टिकायला कादंबरीपेक्षा मासिक काढणं बरं, असं दिसतं.

"आर्थर क्लार्कने उपग्रहाचं भाकीत केलं होतं!" अध्यक्ष विजयी मुद्रेने म्हणाले.

"केलं होतं," सर म्हणाले. "१९४५ साली, तांत्रिक मासिकात, लेख लिहून. गोष्ट लिहून नव्हे."

"मग लेख ठेवू."

"आणि खोटं ठरलं तर?" काकूंनी विचारलं.

"तर पंचांग," कार्यवाह पुटपुटले. ते कुणी इतिवृत्तात घेतलं नाही.

‘१९८४’वर तर पेचच झाला. ते खरं ठरलं तर कपाटात येणार आणि खरं ठरू नये म्हणून तर ऑर्वेलने ते लिहिलेलं. आणि वेल्सचा ८०२७०१ चा निकाल लागेपर्यंत ‘टाइम मशीन’ कुठे ठेवायचं? अध्यक्षांनी ‘प्रलंबित’ अशी वेगळी फळी सुचवली.

याच बैठकीला, निमंत्रण नसताना, एक आजीव सभासद उगवले. ते म्हणाले, व्हर्न-वेल्स राहू द्या, पुष्पक विमान आधीचं आहे. कपाटात पहिला मान रामायणाचा. अशा वेळी सगळे आपापल्या चपलांकडे बघतात. सर काही बोलणार, तेवढ्यात काकूंनी हात वर केला. रोज सकाळी सुंदरकांड वाचल्याशिवाय काकू चहा घेत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

"पुष्पकात किती जण बसले होते?" काकूंनी विचारलं.

"सगळे. रामराय, सीतामाई, लक्ष्मण, बिभीषण, सुग्रीव, वानरसेना…"

"वजन किती झालं, इंधन काय लागलं, असं कुणी विचारलं?"

"छे! कशाला विचारतील?"

"नाही विचारलं, आणि तेच शोभतं. तिथे विचारायचं नसतं. व्हर्नच्या पुस्तकात मात्र चंद्रावर जायच्या आधी सबंध पुस्तकभर लोक विचारतच बसलेत. तोफ कुणाची, दारू किती, ओतायची कुठे. फ्लोरिडा आणि टेक्सासवाले हमरीतुमरीवर येतात. देशोदेशी वर्गणी फिरवतात, इंग्लंड एक छदाम देत नाही. बाल्टिमोरचा तो गन क्लब! युद्धात कुणाचा हात गेलेला, कुणाचा पाय गेलेला, युद्ध संपल्यामुळे करायला काही उरलेलं नाही, म्हणून ठराव करून चंद्रावर तोफ रोखतात. रामायण देव्हाऱ्याजवळ ठेवा. तिथे त्याची शोभा आहे. हे कपाट आपल्यासारख्या ठराव करणाऱ्यांसाठी आहे."

आजीव सभासदांना रामायणाचा अपमान झाला की सन्मान, ते ठरवता आलं नाही. ते चहा घेऊन गेले.

मला मात्र इथून झोप येईना. मी तज्ज्ञांच्या व्याख्या वाचायला घेतल्या. डार्को सुविन नावाचे प्राध्यापक म्हणतात, विज्ञानकथेत एखादी अशी नवी गोष्ट हवी की ओळखीचं जग अनोळखी वाटावं, पण ते बुद्धीला पटेल अशा रीतीने. हे मी बायकोला वाचून दाखवलं. "म्हणजे आपल्याकडे रिडेव्हलपमेंटवाला आला होता तसं," ती म्हणाली. डेमन नाइटने हात झटकून टाकले : आम्ही बोट दाखवून जिला विज्ञानकथा म्हणतो ती विज्ञानकथा. नॉर्मन स्पिनरॅड तर प्रकाशकावर सोडून मोकळा झाला, ज्यावर तसं छापलंय ते सगळं. ब्रॅडबरीचं म्हणणं, माझं ‘फॅरेनहाइट ४५१’ तेवढं विज्ञानकथा, बाकी सगळी कल्पनारम्य. मंगळावर माणसं नेऊन बसवणारं पुस्तकसुद्धा! मार्गारेट अॅटवुडबाई आपल्या पुस्तकांना या नावाने हाक मारू देत नाहीत. अंतराळात बोलणारी माकूळं असतात ते विज्ञानसाहित्य, माझं तसं नाही, असा त्यांचा सूर. आणि त्यांच्या ‘द हँडमेड्‌स टेल’ला पुरस्कार कोणता मिळाला? विज्ञानसाहित्याला दिला जाणारा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार, तोही पहिलावहिला, १९८७ साली.

व्याख्या वाचून झाल्यावर करण्यासारखं एकच उरलं. पुस्तकं वाचणं.

‘ड्यून’ अखेर वाचलं. वाळवंटाच्या ग्रहावर पाण्याचा थेंब न् थेंब जपणारे लोक, घाम आणि लघवीसुद्धा गाळून परत पिण्याचा अंगरखा. हे पुस्तक वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारलं होतं. शेवटी १९६५ साली छापलं कुणी, तर मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या प्रकाशकाने. वाचताना ते मधूनमधून जाणवतं. अमुक भाग तमुक भागाला कसा जोडलाय, हे कळल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. पण एकदा सुरू झाली की मी नळ थेंबथेंब गळताना पाहून अस्वस्थ व्हायला लागलो. बायकोने दोन वर्षं सांगूनही न बदललेला वॉशर त्या आठवड्यात बदलला गेला. फ्रँक हर्बर्टबद्दल आमच्या घरात तेव्हापासून फार आदर आहे.

‘टाइम मशीन’ मी काकूंना पुन्हा वाचायला दिलं होतं. त्यांचा अभिप्राय एका वाक्याचा होता : "एकट्याने प्रवासाला निघालेला पुरुष." हा विद्वान आठ लाख वर्षं पुढे जातो, आणि बरोबर काय नेतो? औषध नाही, हत्यार नाही, खायला नाही, काड्यापेटीतल्या काड्यासुद्धा पुरेशा नाहीत. तिथे पोचल्यावर त्याला आठवतं, अरेच्चा, कॅमेरा आणायला हवा होता! "आमचे हे माथेरानला निघाले तरी मी चकल्या, दोरी, टॉर्च, पोटदुखीच्या गोळ्या आणि एक जादा स्वेटर देते," काकू म्हणाल्या. "मॉर्लॉक-बिर्लॉक काही नाही, या माणसाला घरी कुणी विचारलं नाही, ही खरी शोकांतिका आहे."

‘फाउंडेशन’ अध्यक्षांनी वाचलं, आणि ते वाचनालयाच्या इतिहासातलं पहिलं पुस्तक असावं जे अध्यक्षांनी परत आणून दिलं नाही. बारा हजार वर्षांचं आकाशगंगेचं साम्राज्य कोसळणार, पुढे तीस हजार वर्षं अंधार, तो हजार वर्षांवर आणण्याची योजना, यातलं त्यांना काही विशेष वाटलं नाही. त्यांना आवडला हॅरी सेल्डन. मरून गेल्यावर पन्नास वर्षांनी, ऐंशी वर्षांनी, ठरल्या वेळी तिजोरीसारख्या खोलीत त्याची प्रतिमा प्रकटते आणि जमलेल्या मंडळींना ‘मी सांगितलं होतंच’ अशा थाटाचं भाषण देते. "मरणोत्तर अध्यक्षीय भाषण!" अध्यक्षांचे डोळे चमकत होते. "आपल्याकडे किती खर्च येईल?"

मी त्यांना दुसरा भाग दिला. त्यात सेल्डन ठरल्या वेळी प्रकटतो, सगळे श्वास रोखून बसलेले, आणि तो घडलेल्या संकटाबद्दल चकार शब्द न काढता, न घडलेल्या भलत्याच यादवीबद्दल बोलत राहतो. अध्यक्ष दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "छापील भाषणाचा हा धोका असतोच."

कपाट अजून रिकामंच होतं. म्हणजे पितळी पट्टी लागली होती, आत वाळवीचं औषध ठेवलं होतं, पुस्तकं टेबलावर ढिगाने पडली होती आणि सर प्रत्येक बैठकीला नवा आक्षेप आणत होते. ‘इनव्हिजिबल मॅन’वर त्यांचं म्हणणं, डोळ्याचा पडदाच पारदर्शक झाला तर प्रकाश अडणार कुठे? याला दिसेल कसं? काकूंचं म्हणणं उलट. हा गडी अदृश्य होतो आणि मग लंडनच्या जानेवारीत त्याला उघडं फिरावं लागतं, कारण कपडे दिसतात. कुत्र्यांना वास येतो. बर्फात पावलं उमटतात. जेवल्यावर अन्न अंगी लागेपर्यंत ते दिसत राहतं. "आणि शिंका येतात त्याला! आपल्या गोष्टींत किती जण अदृश्य झाले, एकाला तरी सर्दी झाली का? याला झाली, म्हणून ही विज्ञानकथा."

सर म्हणाले, सर्दी हा निकष शास्त्रीय नाही.

शेवटी हा तिढा सोडवला तो ग्रंथपालबाईंनी. त्यांना व्याख्येशी काही देणंघेणं नव्हतं. टेबल रिकामं करून हवं होतं, कारण त्यावर दिवाळी अंक लावायचे होते. त्या म्हणाल्या, "माझं ऐकाल? पुस्तकाचे समास बघा."

समास?

बाईंनी ‘ट्वेन्टी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ उघडलं. पहिल्याच पानाच्या समासात पेन्सिलीने गणित होतं. वीस हजार लीग म्हणजे ऐंशी हजार किलोमीटर, पृथ्वीचा व्यास सुमारे पावणेतेरा हजार, म्हणजे नॉटिलस सहा वेळा पृथ्वीतून आरपार गेली काय? खाली दुसऱ्या हाताने : ‘अहो, खोली नव्हे, प्रवासाचं अंतर!’ त्याखाली तिसऱ्याने : ‘ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये.’ हे शाईने. ‘इनव्हिजिबल मॅन’मध्ये सरांचाच आक्षेप कुणीतरी फार पूर्वी नोंदवून ठेवला होता. ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर असल्याचं उघड होतं, तिथे एक मोठं उद्गारचिन्ह आणि वयाची वजाबाकी, जी जुळत नव्हती.

"कादंबरी वाचून लोक रडतात, पानं फुगतात," बाई म्हणाल्या. "रहस्यकथेत शेवटच्या पानावर डाग असतात, आधी उघडून बघतात म्हणून. पुराणांत फुलं ठेवतात. आणि ही जी पुस्तकं आहेत ना, यांत हिशेब तपासतात. लेखकाला एक थाप माफ. पण त्यापुढे पैन् पै जुळली पाहिजे."

वेल्सनेसुद्धा १९३३ साली आपल्या जुन्या कादंबऱ्यांच्या प्रस्तावनेत जवळजवळ हेच म्हटलंय : अशक्य गोष्ट एकच घ्यायची, बाकी जग जसंच्या तसं ठेवायचं, वाटेल ते घडायला लागलं की वाचकाला कशाचंच काही वाटत नाही. बाईंनी वेल्सची प्रस्तावना वाचली नव्हती. त्यांनी समास खोडून काढले होते, वर्षानुवर्षं, खोडरबरने.

मग मराठी पुस्तकांची पाळी आली आणि कसोटी तिथे कळसाला पोचली. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती. आद्याक्षरं उलटी करून, नावाकडे बघून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून. बक्षीस मिळालंच. आपल्याकडे नाव लपवून स्पर्धेत उतरणारा शास्त्रज्ञ ही मूळ कथेहून जास्त अद्भुत गोष्ट आहे, असं काकूंचं मत. तर त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासराव गोळीतून वाचतात, मराठे पानिपत जिंकतात आणि सबंध इतिहास बदलतो. आमच्या पेठेतल्या वाचकांनी हे सगळं बिनतक्रार मान्य केलेलं दिसलं. समास कोरा. पण त्या बदललेल्या जगातली जिजामाता एक्स्प्रेस मुंबईला डेक्कन क्वीनपेक्षा लवकर पोचते म्हटल्यावर चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत खंडाळ्याच्या घाटाचं चढउतारासह गणित होतं.

"हीच ती," सर हळूच म्हणाले, "अभिजात विज्ञानकथा." चारपैकी एक हस्ताक्षर त्यांचं होतं.

जगदीशचंद्र बोस यांच्या १८९६ च्या बंगाली कथेत डोक्याला लावायच्या तेलाची बाटली समुद्रात ओतून वादळ शमवतात. तेलाच्या कंपनीच्या स्पर्धेसाठीच ती लिहिलेली होती. ती आमच्याकडे नव्हती, पण काकूंनी तोंडी सांगितल्यावर सरांनी बाटलीतलं तेल किती चौरस मीटर पसरेल ते लगेच काढायला घेतलं. म्हणजे तीही पास.

संध्याकाळपर्यंत कपाट भरलं. मधल्या फळीवर दोन बोटं जागा मोकळी ठेवली होती. उद्घाटनाला देणगीदार काका जरीकाठी उपरणं घेऊन आले, आणि पिशवीतून त्यांनी काढला तो वडिलांचा फोटो नव्हता. स्वखर्चाने छापलेली, स्वतः लिहिलेली कादंबरी होती. काळ सन २१५०, स्थळ मंगळ, विषय तिथल्या गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा. पार्किंगवरून दुपारी बाराला सुरू झालेली सभा मध्यरात्री संपते, एवढंच कथानक.

समितीत शांतता पसरली. देणगीदाराला नाही म्हणायचं कुणी? अध्यक्ष उद्घाटनाची कात्री शोधायला लागले. सरांनी कादंबरी हातात घेतली, ‘यात विज्ञान कुठे आहे’ हे सिद्ध करायला चाळली आणि तिसऱ्या प्रकरणात त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"मंगळावरचा दिवस चोवीस तास एकोणचाळीस मिनिटांचा असतो," ते समासात लिहीत म्हणाले. "म्हणजे तुमची सभा इथल्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटं जास्त चालली."

"ते पूर्ण दिवसाचे, सर," काकू म्हणाल्या. "दुपारी बारा ते रात्री बारा म्हणजे अर्धा दिवस. साधारण वीस मिनिटं."

"बरोबर. वीस."

"वीस मिनिटांत चहाची एक फेरी वाढते. मंगळावर दूध कुठून आणलं?"

देणगीदार काकांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "ते दुसऱ्या भागात येतं."

"दुसरा भागही आहे?" अध्यक्षांनी कात्री खाली ठेवत विचारलं.

"पाच आहेत," काका म्हणाले. बाईंनी मुकाट्याने आसिमॉव्ह वरच्या फळीवर सरकवायला घेतला.